उन्हानं तडकलेला डॅशबोर्ड

पैठण तालुक्यातलं पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या या गावात हंगामात पिकअप, छोटा हत्ती आणि त्यांच्या जोडीला शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या मोटारी तासन् तास उघड्यावर उभ्या असतात. माल उन्हानं खराब होऊ नये म्हणून मोसंबीवर ताडपत्री पडते. समोरच्या काचेखाली पसरलेल्या डॅशबोर्डवर मात्र कोणी साधं फडकंही टाकत नाही. दहा-बारा उन्हाळे गेले की त्याची वसुली दिसू लागते. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि आत बसलं की स्टिअरिंगच्या पुढं वीतभर भेग.

अशा भेगेवरचे सल्ले ठरलेले असतात. कोणी फेविक्विक सांगतो, कोणी एम-सील, कोणी काळा स्प्रे, तर कोणी वरून रेक्झिन चढवायला सांगतो. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या डॅशबोर्डवर चालतो. सगळ्यांवर एकही चालत नाही. डॅशबोर्ड तीन-चार वेगवेगळ्या पदार्थांचे असतात आणि प्रत्येकाला म्हातारपण वेगळ्या वाटेनं येतं. घरी मारलेला रंग सहा महिन्यांत पापुद्र्यांनी निघतो तेव्हा दोष सहसा रंगाच्या डब्यावर जातो. खालचं प्लास्टिक कोणतं, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आधी उन्हाचं गणित. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेम्पी इथं, उभ्या मोटारींच्या आतलं तापमान मोजणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत गेली. डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांपर्यंत तापला. सावलीतल्या गाड्यांमध्ये हाच डॅशबोर्ड ४८ अंशांवर थांबला. पाचोडच्या मे महिन्याला ३८ अंश म्हणजे फार काही नव्हे. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतोच. शिवाय डॅशबोर्ड बहुधा काळा किंवा गडद करडा असतो आणि तिरप्या काचेखाली जवळजवळ आडवा पडलेला असतो, म्हणजे भर दुपारचं ऊन थेट अंगावर घेतो.

ऊन म्हटलं की अतिनील किरणांचं नाव पुढं येतं, पण समोरच्या काचेमागं खरा शत्रू उष्णता आहे. ही काच दोन काचांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा दाबून केलेली असते आणि तो पापुद्रा बहुतेक अतिनील किरण अडवतो. बाजूच्या साध्या कडक काचांमधून मात्र त्यातला बराच भाग आत येतो. म्हणून डॅशबोर्डची दारांजवळची टोकं आधी पांढुरकी पडतात, आणि मधला भाग रंग टिकवूनही तडकतो. काळी फिल्म लावून हे थांबवावं, तर मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गडद फिल्मच्या सरसकट वापरावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बडगा उगारला.

फियाटच्या जुन्या मोटारींत डॅशबोर्डचा बराचसा भाग पत्र्याचा असे. त्याला पोचा आला तर डेंटिंग-पेंटिंगवाला तो बाहेरच्या दारासारखाच ठोकून, लांबी भरून, रंगवून देई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि साच्यातून निघालेला कडक प्लास्टिकचा डॅशबोर्ड मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. पुढं २००१ मध्ये स्कोडानं शेंद्र्याला कारखाना सुरू केला, तिथं ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली, आणि बोटानं दाबला की किंचित आत जाणारा मऊ डॅशबोर्ड थेट औरंगाबादच्या रस्त्यांवर आला. याच शहरातल्या ग्राहकांनी २०१० मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. त्या गाड्यांनाही आता पंधरा वर्षं उलटून गेली आहेत. मऊ डॅशबोर्डचं म्हातारपण अशा रीतीनं जुन्या गाड्यांच्या बाजारातून जिल्हाभर पसरलं.

हा मऊ डॅशबोर्ड तीन थरांचा असतो. तळाशी कडक सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर कातड्याचा पोत दिलेली पातळ कातडी. अनेक गाड्यांत ही कातडी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक; नळाचे पाइप त्याचेच. त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात. डॅशबोर्ड रोज साठ-सत्तर अंशांपर्यंत तापला की हे द्रव्य थोडंथोडं उडून जातं. समोरच्या काचेवर आतून साचणारा, पुसला तरी पुन्हा येणारा तेलकट पापुद्रा बऱ्याच अंशी त्याचाच असतो. द्रव्य गेलं की कातडी आकसते. चैत्र-वैशाखात ओल उडालेली काळी जमीन भेगाळते, तसंच हे घडतं: आतून काहीतरी निघून गेलं, आकार घटला, आणि ताण जिथं जास्त तिथं फाट पडली. भेगेच्या दोन्ही कडा वर वळतात, कारण कातडी अजूनही ओढली जात असते.

कडक डॅशबोर्डची गोष्ट निराळी. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा असतो आणि ताठरपणासाठी त्यात टाल्कची पूड मिसळलेली असते. त्यातून उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. प्रकाश आणि हवेतला प्राणवायू मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा थर ठिसूळ होतो, खडूसारखा पांढरा पडतो. भेगा पडतात त्या स्क्रूच्या भोकांपाशी, काचेवर हवा सोडणाऱ्या झरोक्यांच्या कोपऱ्यांत, क्लिपांच्या मुळाशी. यात तापमानाचा आणखी एक खेळ असतो. पीपीचा सव्वा-दीड मीटर लांबीचा भाग थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत काही मिलिमीटरनं लांबतो. तेवढीच पोलादी पट्टी जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणून कारखान्यात डॅशबोर्डची काही भोकं मुद्दाम लांबट ठेवतात. म्युझिक सिस्टिम बसवताना कोणी ते स्क्रू करकचून आवळले की प्लास्टिकला सरकायला जागा उरत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून चीर निघते.

तिसरा आजार तडकण्याचा नाही, चिकटण्याचा आहे. काही गाड्यांत कडक प्लास्टिकवर रबरी स्पर्शाचा रंग मारलेला असतो. बटणं, दारांचे हात, मधला कन्सोल. उष्णता आणि दमट हवा मिळून हा रंग विघटित होतो आणि गुळासारखा हाताला लागतो. त्याच्यावर नवा रंग मारून उपयोग नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो पूर्ण पुसून काढणं हाच मार्ग. खालचं साधं काळं प्लास्टिक पुष्कळदा तसंच्या तसं चांगलं निघतं.

आता ओळख पटवायची. सुटा होणारा एखादा तुकडा, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण किंवा मीटरभोवतीची चौकट, काढून उलटा केला की मागं इंग्रजी अक्षरं उठवलेली सापडतात. ‘पीपी’ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पुढं ‘टीडी’ आणि आकडा असेल तर टाल्कचं प्रमाण, म्हणजे ‘टीडी २०’ असेल तर २० टक्के. ‘एबीएस’ असेल तर तो वेगळाच पदार्थ, चकचकीत चौकटींसाठी वापरला जाणारा. पुनर्वापरासाठी प्लास्टिक वेगळं करता यावं म्हणून ही खूण असते. खूण नसेल, तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसानं ॲसिटोनचा थेंब लावून पाहतात. एबीएस लगेच चिकट होतं. पीपीला काही फरक पडत नाही. पीपी पाण्यावर तरंगतं हे खरं, पण टाल्क मिसळलेलं पीपी बुडूही शकतं, म्हणून त्या परीक्षेवर एकट्यानं विसंबता येत नाही. प्लास्टिकचं हे शास्त्र शिकवणारी सिपेट ही केंद्र सरकारची संस्था जिल्ह्याच्या शहरातल्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतच आहे, आणि वाळूजच्या व्हॅरॉक समूहानं सुरुवात केली ती वाहनांच्या प्लास्टिक भागांपासून. पाचोडच्या पोरानं आयटीआय करून त्या पट्ट्यात नोकरी धरली असेल, तर डॅशबोर्डमागची ही अक्षरं त्याच्या रोजच्या वाचनातली असतात.

घासकाम सुरू करण्याआधी एक रेषा आखून घ्यावी लागते आणि ती प्रवाशाच्या बाजूला असते. भारतात चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली; शेजारच्या प्रवाशाची एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना आणि त्या वर्षाअखेर जुन्या मॉडेलांनाही लागू झाली. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आतून वर फुटते. त्यासाठी कातडीच्या खालच्या अंगाला ठरावीक रेषेत चर पाडून ती मुद्दाम कमजोर केलेली असते. वरून पाहणाऱ्याला हा चर अनेकदा दिसतच नाही. अपघातात ही पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागात, पापणी लवायच्या आत फुगते आणि कातडी नेमकी त्या रेषेवर फाटावी लागते. तिथं पुट्टी भरली, फायबर चिकटवलं, रेक्झिन ताणून बसवलं, तर झाकण उशिरा उघडेल, वाकडं उघडेल किंवा कडक पुट्टीचे तुकडे समोरच्याच्या तोंडावर उडतील. त्या भागात भेग असेल तर घरगुती उपाय नाही. भाग बदलणं हाच उपाय. डॅशबोर्ड पूर्ण उतरवायचा असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचं असतं, कारण तार काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना टेस्ट लॅम्प लावणं तर थेट धोक्याचं.

उरलेल्या भागावर पहिलं काम सफाईचं, आणि तेच सर्वाधिक कंटाळवाणं. आपल्याकडच्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षांचे थर असतात. दसऱ्याच्या पूजेतलं हळद-कुंकू, उदबत्तीच्या ठिणगीचे बारीक डाग, मूर्ती चिकटवलेल्या टेपचा गोंद, कोणी चमक यावी म्हणून फिरवलेलं खोबरेल, आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे बाजारात मिळणारं सिलिकॉनचं पॉलिश. हळदीचा रंग प्रकाशात आपोआप उडतो, त्यामुळे तो फार काळ टिकत नाही. आजच्या कुंकवातला कृत्रिम रंग मात्र प्लास्टिकच्या पोतात बसून राहतो. सिलिकॉन दिसत नाही, पण ते उरलं तर नवा रंग पडताच त्यात गोल गोल खळगे उमटतात, जणू रंग त्या जागेपासून पळून जातो. म्हणून आधी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, मग रंगाच्या दुकानात मिळणारं मेण-तेल काढणारं द्रावण, आणि दर पुसण्याला स्वच्छ फडकं. पेट्रोल किंवा रॉकेलनं पुसणं हा जुना हात, पण ते तेलकट अंश मागं ठेवतं, मऊ पीव्हीसीला आणखी कोरडं करतं आणि बंद गाडीत आगीचा धोका वाढवतं.

मग भेगेचा बंदोबस्त. भेग कोणत्याही प्लास्टिकमध्ये असो, तिच्या टोकाशी ताण एकवटलेला असतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण जास्त. ब्रिटिश अभियंता इंग्लिस यानं १९१३ मध्ये हे गणितानं दाखवलं. त्यावरचा उपाय सोपा आहे: भेगेच्या अगदी टोकाला दोनेक मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं. अणी गोल झाली की ताण पसरतो आणि भेग पुढं सरकायची थांबते. विमानाच्या पत्र्यालाही तात्पुरता इलाज म्हणून हेच करतात.

पुढचं काम प्लास्टिकप्रमाणे बदलतं. एबीएस असेल, तर त्याच पदार्थाचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरता येते; ॲसिटोन उडून जातं आणि दोन्ही कडा खरोखर एकजीव होतात. पीपीवर फेविक्विक आणि एम-सील जवळजवळ धरतच नाहीत, कारण त्याचा पृष्ठभाग गोंदाला आणि रंगाला दोघांनाही झटकून टाकतो. तिथं मागच्या बाजूनं गरम पिना रुतवणं किंवा पीपीचीच काडी वितळवून वेल्डिंग करणं टिकतं; बंपर दुरुस्त करणाऱ्यांकडे ही हत्यारं असतात. मऊ फोमच्या डॅशबोर्डवर आधी वर वळलेल्या कडा इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात कापून काढतात, हिट गननं बेतानं गरम करून बसवतात, आणि लवचिक पॉलियुरेथेनचं फिलर थराथरानं भरतात. पत्र्यावर वापरतात ती नेहमीची पुट्टी इथं चालत नाही. ती सुंदर घासली जाते, पण खालचा फोम दबला की ती दबत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात जुन्या भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या चिरा दिसतात.

भेग भरली तरी ती जागा गुळगुळीत डागासारखी ओळखू येते, कारण डॅशबोर्डचा कातडी पोत तिथं नसतो. यासाठी हौशी मंडळी एक युक्ती वापरतात. डॅशबोर्डच्या चांगल्या भागावर सिलिकॉन रबर ओतून त्या पोताचा ठसा घेतात आणि तो शेवटच्या ओल्या थरावर दाबतात. ठसा जमला नाही, तर दाणेदार टेक्श्चर स्प्रे पूर्ण वरच्या भागावर मारून सगळंच एकसारखं करणं हा व्यवहारी मार्ग आहे. फक्त तुकड्यावर मारला, तर ठिगळ आणखी उठून दिसतं.

रंगाच्या आधी प्रायमर, आणि इथं प्लास्टिकची ओळख पुन्हा कामी येते. पीपीला बंपर प्रायमर म्हणून मिळणारा खास थर लागतो. तो न लावता मारलेला रंग नखानं सोलता येतो. पीव्हीसीच्या कातडीसाठी लवचिक व्हिनाइल रंग असतो. रंग पातळ थरांत, दर थराला सुकायला वेळ देत मारायचा. आणि तो मॅटच असावा. डॅशबोर्ड चकचकीत झाला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटतं, आणि बीडकडे जाताना उन्हं समोर आली की रस्त्याऐवजी स्वतःचाच डॅशबोर्ड दिसतो. फिकट बदामी रंग हौसेनं निवडणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळ्यात हवेतली ओल थिनर उडताना रंगात अडकते आणि काळा रंग दुधाळ पडतो. भर उन्हाळ्यात रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आतच सुकतो आणि हात फिरवला की वाळू लागते. त्यात महामार्गाची धूळ आणि वैशाखातलं वारं. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, दव उडून गेल्यावर, सुटे भाग बाहेर काढून आडोशाला रंगवणं पाचोडसारख्या गावात सर्वांत सोयीचं. हार्डनर मिसळायचे दोन भागांचे रंग मात्र घरी मारू नयेत. त्यातली आयसोसायनेट द्रव्यं दमा जडवू शकतात, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अजिबात अडवत नाही. साध्या स्प्रेलाही मोकळी हवा आणि रसायनांच्या वाफेसाठीचा कार्ट्रिजचा मास्क हवा.

पांढरट पडलेल्या पीपीवर नुसती हिट गन फिरवून काळेपणा परत आणण्याचा खेळ लोकप्रिय आहे. वरचा खडबडीत थर वितळून सपाट होतो, म्हणून रंग गडद दिसतो. ठिसूळ झालेलं प्लास्टिक मात्र तसंच राहतं, आणि हात जरा जड पडला तर पोत कायमचा वितळतो. ज्यांना हा सगळा खटाटोप नको, त्यांच्यासाठी कुशनवाल्याचं रेक्झिन किंवा गालिच्याचं कव्हर आहेच, फक्त एअरबॅगचा भाग मोकळा सोडून. शहरातल्या भंगार बाजारात त्याच मॉडेलचा पूर्ण डॅशबोर्डही मिळू शकतो. घेताना त्याचा वरचा भाग हातानं दाबून पाहावा, कारण तोही कुठल्या तरी उन्हातच उभा होता.

खर्चाचा विचार करणाऱ्यांना सरकारी आकडेही ठाऊक असतात. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाली. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची ठरली, की डॅशबोर्डवर चार सुट्ट्या घालवणं मालकाला जड वाटत नाही.

काम संपल्यावर दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा लागतो, आणि तोवर लहान मुलांना त्या गाडीत बसवू नये. रंग हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला बरेच दिवस घेतो. त्या काळात सिलिकॉनचं पॉलिश, दुहेरी टेप आणि उदबत्ती लांब ठेवायची. पार्किंगमध्ये समोरच्या काचेला चांदीच्या रंगाचा पडदा लावायचा. गणपतीच्या मूर्तीची जागा आणि मोबाइलचा सक्शन होल्डर या दोन गोष्टींची घाई सगळ्यांना असते. दोन्ही महिनाभर थांबल्या तर बरं, कारण कच्च्या रंगावर चिकटवलेला होल्डर निघताना रंगाची गोल चकती सोबत घेऊनच निघतो.